दोनशे बारा खड्डे

मुलगी पत्रकारितेच्या पदविकेला जाऊ लागली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने मला वहीतले सहा प्रश्न वाचून दाखवले. कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे. बातमीत एवढ्यांची उत्तरे असली पाहिजेत. मी विचारले, यात ‘किती’ कुठे आहे? ती हसली आणि तिने खाली सातवा प्रश्न लिहून टाकला. तो मी सुचवायला नको होता.

मी कळमेश्वरच्या एका कारखान्यात बावीस वर्षांपासून स्टोअर सांभाळतो. मोजल्याशिवाय आकडा लिहायचा नाही आणि मोजणाऱ्या दोघांच्या सह्या झाल्याशिवाय तो खरा धरायचा नाही, एवढेच मला येते. तेच मी घरात आणले.

पदविका झाल्यावर शहरातल्या एका दैनिकाने तिला प्रशिक्षणार्थी म्हणून घेतले. सहा महिने शिकायचे, काम पसंत पडले तर वार्ताहर म्हणून कायम. पहिल्या पाच महिन्यांत ती आलेली प्रेसनोट पुन्हा लिहायला शिकली. वरची ओळ खाली, खालची वर, ‘मोठ्या संख्येने’ आहे तसे ठेवायचे, शेवटी उपस्थितांची नावे. त्यातले एक गळले की सकाळी फोन. पाच महिन्यांत ‘का’ विचारण्याची वेळ तिच्यावर एकदाही आली नाही.

सहाव्या महिन्यात बेसा भागातल्या एका संस्थेची प्रेसनोट आली: प्लॉट पाडलेल्या मोकळ्या ले-आउटमध्ये एक हजार रोपे लावली. ती जागा आमच्या घरापासून स्कूटरने दहा मिनिटांवर. मुलगी म्हणाली, मी तिथूनच येते-जाते, हजार वाटत नाहीत. रविवारी सकाळी आम्ही दोघे गेलो. एका टोकाकडून तिने मोजायला घेतले, दुसऱ्या टोकाकडून मी. दोघांचाही आकडा एकच आला. खड्डे दोनशे बारा. रोपे एकशे चाळीस, बाकीचे खड्डे रिकामे. तिने संस्थेच्या अध्यक्षांना फोन करून विचारले. ते म्हणाले, उरलेली रोपे यायची आहेत. तेही तिने बातमीत घातले.

मी इतका खूश झालो, की स्टोअरमध्ये करतो तेच केले. आखलेल्या कागदावर ओळीनुसार खड्डे मांडले, वेळ टाकली, खाली दोघांच्या सह्या केल्या आणि हा कागद बातमीला जोड म्हणून तिला सांगितले. ती जरा घुटमळली. मी म्हणालो, पुरावा सोबत असला की कोणी बोलत नाही.

कामे वाटून देणाऱ्या मुख्य उपसंपादकांनी बातमीच्या आधी तो कागद वाचला.

“काहून वं, तुले बातमी आणाले पाठवतो आम्ही का पंचनामा कराले? अन् ही दुसरी सही कोणाची?”

“माझ्या बाबांची,” ती म्हणाली.

सगळे टेबल हसले. दुसऱ्या दिवसापासून ती आली, की कोणीतरी विचारायचे, आज बाबा नाही आले का मोजाले? तेवढ्यावर थांबले असते तर चालले असते. पण उपसंपादकांनी त्या कागदाचा फोटो संस्थेकडे पाठवला, त्यांचे म्हणणे विचारायचे म्हणून. संस्थेने खड्ड्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. तक्रार केली ती अशी, की तुमची प्रशिक्षणार्थी घरच्या माणसांना घेऊन आमची तपासणी करते, यांचे काहीतरी खासगी वैर असणार.

तिची बातमी छापली नाही. प्रेसनोट छापली, फोटोसह, हजार रोपांची. ती लिहून काढायचे काम त्या दिवशी तिच्याकडेच होते.

महिनाअखेरीस तिला सांगितले, की या कामाला लागणारा स्वभाव तुझा नाही. घरी येऊन तिने हे सगळे क्रमाने सांगितले, एकदाही माझ्याकडे बोट न दाखवता. ते दाखवले असते तर मला बरे वाटले असते. माझी सही नसती तर बातमी छापली असती का? बहुधा नाही. पण त्या बातमीत हसण्यासारखे काही उरले नसते, आणि तक्रारीला जागाही. मी हे पुष्कळदा दोन्ही बाजूंनी तपासून पाहिले आहे. हिशेब माझ्या बाजूने येत नाही.

आता ती घरूनच दोन शाळांच्या प्रेसनोटा लिहिते. शहरातली दैनिके त्या शब्दही न बदलता छापतात. प्रशिक्षणाचा एवढा उपयोग झाला.

गेल्या पावसाळ्यात चहा घेताना मी वाचले, की त्यातल्या एका शाळेने पाचशे रोपे लावली, विद्यार्थी मोठ्या संख्येने उपस्थित होते. वाक्य तिचे होते. ती समोरच भाजी निवडत होती. मी विचारले, किती लावली?

“पाचशे लिहिली ना,” ती मान वर न करता म्हणाली. “तुम्ही आता मोजाले जाऊ नका, बाबा.”

गेलो नाही. कारखान्याची बस रोज त्या शाळेच्या कुंपणाला लागून जाते. मी पलीकडच्या खिडकीशी बसतो.