शेणखतावरचं मोरचूद

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. बुरशीचा पाठ सुरू केला की वर्गातून पहिला प्रश्न ठरलेला असतो: मॅडम, ती मारायची कशी? वीस वर्षं झाली, प्रश्न बदललेला नाही. मुलं बदलली, पुस्तक बदललं, खडू जाऊन पडदा आला, पण बुरशी म्हटलं की ओला पाव, डब्यात राहिलेलं लोणचं आणि मांडीवरचा नायटा यापलीकडे कोणाला काही आठवत नाही. मी घसा कोरडा करून सांगते की बाबांनो, जंगलात पडलेला सागाचा ओंडका मातीत मिसळवायला बुरशीच लागते. ती नसती तर आजवर पडलेली झाडं एकावर एक साचून हिंगणीच्या पुढे बोरच्या जंगलात पाय ठेवायला जागा उरली नसती. मुलं हसतात. मग मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतं, हे परीक्षेला येतं का. येत नाही. परीक्षेला आकृती येते आणि तिला नावं द्यायची असतात.

मुलांचं एक वेळ सोडून देता येतं. वडिलांचं कसं सोडणार? आमचं वावर रोहण्याला, आणि वावरात बाबांची संत्र्याची बाग. मी वर्ध्याजवळ नालवाडीला राहते, महिन्यातून एक-दोनदा आर्वीच्या गाडीनं गावी जाते. मला नोकरी लागली त्याच वर्षी बाबांनी कलमं लावली. कलमाचा डोळा मातीत गाडला गेला की झाड सडतं, म्हणून प्रत्येक कलमाला जमिनीपासून वीतभर मोजून त्यांनी तो वर ठेवला होता. हिवाळ्यात ते बागेचं पाणी तोडतात. याला ताण देणं म्हणतात. झाड तहानेलं ठेवायचं, पानं कोमेजली की मग पाणी सोडायचं, म्हणजे आंबिया बहार फुटतो. पाणी नेमकं कधी सोडायचं हे बाबा पान तळहातावर घेऊन सांगतात. शेजारचे लोक अजूनही त्यांना पान दाखवायला येतात. मला ते कधी जमलं नाही, आणि कॉलेजात कोणी मला ते शिकवलंही नाही.

गेल्या काही वर्षांत बाग आजारी पडली. आधी शेंड्याची पानं पिवळी, मग फांद्या वाळल्या, मग बुंध्यातून डिंक गळायला लागला. संत्रेवाले याला डिंक्या म्हणतात. एक झाड गेलं की त्याच्या शेजारचं जायचं. बाबा रोज सकाळी चहाच्या आधी बागेत एक फेरी मारायचे आणि कोणतं झाड कसं आहे ते आईला सांगायचे, घरातल्या आजारी माणसाचं सांगावं तसं. त्यांच्याकडे यावर दोन इलाज होते. एक जुना, मोरचूद, म्हणजे तांब्याचे निळे खडे, आणि चुना पाण्यात कालवून त्याचा बोर्डो मलम पावसाळ्याआधी प्रत्येक बुंध्याला मांडीइतक्या उंचीपर्यंत फासायचा. दुसरा नवा, कृषी केंद्रवाला बुरशीनाशकाची जी पुडी देईल ती पाण्यात घोळून आळ्यात ओतायची. यंदाची पुडी लागू पडली नाही तर पुढच्या वर्षी दोन.

या दुसऱ्या इलाजावरून आमचं वाजायचं. मी सांगायची, मातीतल्या सगळ्या बुरशी वैरी नसतात. मुळांना चिकटून राहणाऱ्या बुरशीचे धागे केसापेक्षा बारीक असतात, जिथं मूळ पोचत नाही तिथून ते पाणी आणि स्फुरद ओढून आणतात आणि त्याच्या मोबदल्यात झाडाकडून साखर घेतात. तुम्ही पुडी ओतता तेव्हा तेही मरतात. बाबा ऐकून घ्यायचे. ऐकून झालं की विचारायचे, मग डिंक्या कोण आणतो? यावर मी आणखी चिडायची, कारण डिंक्या आणणारा जीव काटेकोरपणे पाहिलं तर बुरशीच नाही. दिसतो बुरशीसारखा, पण त्याचं नातं शेवाळाशी जवळचं आहे आणि त्याचे बीजाणू साचलेल्या पाण्यात पोहत मुळापर्यंत जातात. वर्गात हा फरक मी दोन रकाने पाडून शिकवते. बाबांनाही गुरांच्या कोठ्याच्या भिंतीवर कोळशानं रकाने पाडून शिकवला. ते म्हणाले, बरं. आता विचार केला की मला माझीच लाज वाटते. ज्याचं झाड मरतंय त्याला मी वर्गीकरण शिकवत होते.

तरी गेल्या उन्हाळ्यात त्यांनी माझं ऐकलं. ट्रायकोडर्मा नावाची एक बुरशी आहे. ती मुळं सडवणाऱ्यांच्या अंगाला वेटोळे घालते आणि त्यांना खाऊन टाकते. तिची पाकिटं मिळतात, पण नुसती पूड मातीत टाकून भागत नाही. ती आधी शेणखतावर वाढवावी लागते आणि मग ते खत झाडांना द्यावं लागतं. मी सुट्टीत गावीच मुक्काम ठोकला. बाबांनी कोठ्याचा सावलीचा कोपरा मोकळा करून दिला. जुनं, कुजलेलं शेणखत त्यांनी स्वतः घमेल्यांनी वाहून आणलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, मी नको म्हणत असताना. मी गुळाच्या पाण्यात बुरशी कालवून थरावर थर शिंपडली, वरून ओली पोती टाकली आणि सकाळ-संध्याकाळ पोत्यांवर पाणी मारत बसले. वर्धा जिल्ह्यातला मे महिना. कोठ्याच्या टिनाकडे हात नेला तरी चटका बसायचा. बाबा दुपारी दोनदा उठून, माझी झोपमोड होऊ नये म्हणून काही न बोलता, पोती भिजवून यायचे. आईनं सांगितलं तेव्हा मला कळलं.

दहाव्या-अकराव्या दिवशी खतावर पांढरं जाळं धरलं आणि त्यात हिरवी झाक दिसायला लागली. हेच हवं होतं. हिरवं म्हणजे ट्रायकोडर्माचे बीजाणू तयार झाले. मी इतकी खूश झाले की मोबाइलवर वीसेक फोटो काढले. पण नेमकं कॉलेजातून बोलावणं आलं, प्रवेशाचं काम होतं, दोन दिवसांसाठी वर्ध्याला जावं लागलं. पोती ओली ठेवा एवढं सांगून मी निघाले.

परत आले तर खताचा ढीग निळसर पांढरा. वरून चुन्याची साय धरलेली, पोती नीट घडी करून बाजूला ठेवलेली. बाबा विहिरीजवळ प्लॅस्टिकच्या ड्रमात काठीनं मलम ढवळत होते. बुंध्यांना फासायला म्हणून त्यांनी तो सकाळीच तयार केला होता. मला पाहून काठी ठेवून आले, आणि चेहऱ्यावर मोठं समाधान.

"तुह्या खताले बुरशी लागली होती, हिरवी हिरवी. दोन बकेटा मारल्या मोरचुदाच्या. नाईतर समदंच गेलं असतं."

मोरचूद बुरशी मारतं. सगळी. चांगली कोणती आणि वाईट कोणती हे ते विचारत बसत नाही. आणि वर्षानुवर्षं संत्रा केलेल्या माणसाला हिरवी बुरशी दिसली तर तो दुसरं काय करेल? मुलीची मेहनत सडतेय असं वाटून त्यानं आपल्याकडचं सगळ्यात खात्रीचं औषध त्या खतावर घातलं. आज हे मला इतकं सरळ दिसतं. मी त्यांना धाग्यांचं सांगितलं होतं, साखरेचं सांगितलं होतं, शेवाळाचं नातं सांगितलं होतं. खत हिरवं होणार आहे आणि ते व्हायलाच हवं, एवढी एकच गोष्ट सांगायची राहून गेली होती.

त्या दिवशी मात्र मला यातलं काही दिसलं नाही. वीस वर्षं ज्या प्रश्नानं माझं डोकं उठवलं होतं, तोच प्रश्न कोठ्यात चुन्यानं माखून पडलेला होता. मी ओरडले. आई चुलीपुढून उठून बाहेर आली. वीस वर्षांतल्या वर्गांवरचा राग, कृषी केंद्रवाल्यावरचा राग, त्या पुड्यांवरचा राग, सगळा मी बाबांवर काढला. शेवटी मी म्हणाले, "झाडं डिंक्यानं नाई मेली बाबा. तुमीच मारली. ओतून ओतून मातीत काही जितं ठेवलं नाई. आता कशालेच हात लावू नका."

डोक्याचा दुपट्टा काढून बाबांनी हात पुसले, कोपरापर्यंत चुना लागला होता, आणि आत जाऊन बसले. मी दुपारच्या गाडीनं वर्ध्याला निघून आले. गाडीत सगळा वेळ मी मनात तेच बोलत होते आणि प्रत्येक वेळी मीच बरोबर निघत होते.

नंतर पावसाळा लागला, कॉलेज सुरू झालं. मी गावी गेले नाही. कामं होती हे खरं, पण कामं दरवर्षीच असतात. आईचे फोन यायचे. ती दोनदा म्हणाली की बाबा आजकाल बागेत जात नाहीत, चहा पिऊन ओसरीतच बसून राहतात. मला वाटलं, रुसलेत. रुसू दे. चार दिवस पुड्या ओतल्या नाहीत तर मातीला बरंच होईल. मी हे आईला बोलूनही दाखवलं.

पोळ्याला गेले. बैलांची पूजा झाली, जेवणं झाली, आणि मी एकटीच बागेकडे गेले. धुऱ्यावरूनच, वावराच्या बांधावरूनच, कळलं. बुंधे उघडे होते. एकाही झाडाला मलम लागलेला नव्हता. गेली वीस वर्षं मी ती झाडं पावसाळ्यात निळसर पांढऱ्या बुंध्यांचीच पाहिली होती, त्यामुळे क्षणभर ही आपली बाग नाहीच असं वाटलं. जवळ गेले. खालची साल काळी पडून ओली झाली होती, नखानं टोकरली तर सुटून आली. डिंक गळून गळून मातीपर्यंत पोचला होता. मेमध्ये जी झाडं ठणठणीत होती त्यातली कितीतरी पिवळी झाली होती. यंदा पाऊस जास्त, काळ्या मातीत पाणी साचलेलं, आणि त्या पाण्यात पोहणाऱ्या जिवाला बुंध्यावर अडवणारं काही नव्हतं. मलम त्यालाच अडवतो. हे मला माहीत होतं. बुंध्याला मोरचूद-चुना फासणं हा या रोगावरचा योग्य उपाय आहे, मी कोणालाही विचारायची गरज नव्हती. माझं भांडण आळ्यातल्या पुड्यांशी होतं. पण बाबा जशा सगळ्या बुरशी एका हिशेबात धरायचे, तशी रागाच्या भरात मी त्यांची सगळी कामं एका हिशेबात धरली होती. आणि फरक शिकवणारी तर मीच होते.

घरी येऊन मी विचारलं, मलम काऊन नाई लावला. आवाज चढलाच. सवय लवकर जात नाही.

बाबा ओसरीत बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "तूच म्हनलं, म्याच मारली म्हून. शिकल्या मानसाचं आयकाव म्हनलं. नाई लावला हात."

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गल्लीत पोरं लाकडाचे बैल ओढत होती. पावसानं उघडीप दिली होती, म्हणून मी मलम करायला बसले. निदान उरलेली झाडं तरी वाचवायची होती. बाबांना म्हटलं, चला, तुम्ही सांगा, मी कालवते. ते म्हणाले, तुले माहीत असन, आणि जागचे हलले नाहीत. मोरचूद किती, चुना किती, पाणी किती, हे मी मोबाइलवर शोधून काढलं. मोठ्यानं वाचलंही, चुकलं तर त्यांनी टोकावं म्हणून. त्यांनी टोकलं नाही.

मोरचूद लोखंडाच्या भांड्यात कालवत नाहीत. तांबं लोखंडावर जाऊन बसतं आणि औषधाचा जोर जातो. प्रत्येक संत्रेवाल्याला हे ठाऊक असतं, मलाही ठाऊक होतं. प्लॅस्टिकची बकेट माझ्या हाताशीच होती. मी ती बाजूला सारली, लोखंडाचं घमेलं ओढलं आणि बाबांच्या समोर, त्यांना स्पष्ट दिसेल असं, त्यात मोरचूद ओतलं. माझी एवढीच इच्छा होती की त्यांनी ओरडावं. आयुष्यभर या माणसानं माझ्या कामात नाक खुपसलं म्हणून मी वैतागले होते, आणि आता नाक खुपसावं म्हणून मी चांगलं औषध वाया घालवत होते.

बाबांनी घमेल्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग माझ्याकडे पाहून मिटलं. शेवटी म्हणाले, "तुमच्या पुस्तकात असंच असन."

हा टोमणा असता तर मी भांडले असते. टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं.