हमीदचाचा आणि माझी ई-मेलची एजन्सी

हमीदचाचा बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचे. घड्याळाचा मोठा काटा तीनवर किंवा नऊवर आला की वाक्य जिथे असेल तिथे थांबायचं. मान जरा तिरकी, डोळे टेबलावर. तीन मिनिटं अशी गेली की उरलेलं वाक्य पुरं व्हायचं. नव्या माणसाला वाटायचं, यांना काही झटका आला.

तीस वर्षं ते मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. प्रत्येक तासाला दोनदा, तीन-तीन मिनिटं सगळ्या जहाजांनी आपले संदेश थांबवायचे आणि कुठून कुणाची मदतीची हाक येते का ते ऐकायचं, असा समुद्रावरचा नियम होता. नोकरी गेली तरी ही सवय गेली नाही.

मला ते पहिल्यांदा भेटले १९९९ साली, पावसाळा संपता संपता. मी रत्नागिरीत मारुती मंदिराजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. बारावी झालेल्या मुलामुलींच्या रांगेत इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले, पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ येऊन बसले. मी नाव विचारलं. "हमीद. राजिवड्याचा. जहाजावर आता उपग्रहाची मशीन आली, माझी गरज संपली. म्हटलं, ज्यानं घालवलं ते काय हाय ते तरी बघू." कळफलकाकडे न बघता ते असे टाईप करायचे की सगळा वर्ग माना वळवून बघत राहायचा. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला "बाई" म्हणायचे. क्लास संपल्यावर मी वीणा झाले आणि ते चाचा.

त्यानंतर ते दर दोन-तीन दिवसांनी क्लासवर येऊन शारजाला दिलेल्या मुलीला ई-मेल करायचे. लिहून झालं की लगेच पाठवायचे नाहीत. एकदा वाचायचे, दोन शब्द काढायचे, मग पाठवायचे. "जास्तीचा शब्द गेला की समोरच्याचा वेळ गेला," म्हणायचे.

दोन-तीन वर्षांनी मी पावस गावच्या दामूकाकांसाठी एक काम करायला लागले. दामूकाका आमचे लांबचे नातेवाईक, स्वतःची हापूसची बाग. मुंबई-पुण्याची त्यांची जुनी गिऱ्हाइकं आता ई-मेलवरून पेट्या मागवू लागली होती. त्यांना हंगामाआधी पत्र पाठवायचं, आलेल्या मागण्या काकांना फोनवर कळवायच्या, एवढंच. पण ते जमलं, आणि माझ्या डोक्यात आलं की हाच आपला धंदा होऊ शकतो. बागायतदार, समुद्राकाठची हॉटेलं, मसालेवाले, सगळ्यांची पत्रं आपण पाठवायची. स्वतःची एजन्सी. रत्नागिरीत तेव्हा असं कुणी करत नव्हतं.

त्याच सुमारास मुंबईच्या एका माणसाने मला एक सीडी दिली. तिच्यात हजारो ई-मेल पत्ते होते. मी ती चाचांना अभिमानाने दाखवली.

त्यांनी ती उलटसुलट करून बघितली. "ह्या लोकांनी तुझं पत्र मागितलंय काय गो?"

"जाहिरात कुणी मागतं का, चाचा?"

"मग ते तुला ओळखत नाय, तू त्यांना ओळखत नाय. कशाला त्यांच्या कानात ओरडतेस?"

मला राग आला. जुन्या काळचा माणूस, नोकरी गेलेला, याला काय कळणार, असं मनात आलं. एप्रिलच्या सुरुवातीला मी दामूकाकांच्या नावाने, त्यांच्याच ई-मेल खात्यावरून, सीडीवरच्या सगळ्या पत्त्यांवर पत्र पाठवलं. काकांना फक्त म्हटलं, "यंदा जास्त लोकांना कळवलंय."

दुसऱ्या दिवसापासून उत्तरं यायला लागली. मागण्या थोड्या, शिव्या फार. कुणी विचारत होतं, माझा पत्ता तुम्हाला दिला कोणी? चौथ्या दिवशी तक्रारींवरून इंटरनेट कंपनीने खातंच बंद केलं. आता नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या मागण्याही पोचेनात. ऐन हंगामात आठ दिवस असे गेले. तयार आंबा वखारीत, आणि वर्षानुवर्षं काकांकडून नेणारी माणसं दुसरीकडे वळत होती.

मला पावसला जायची हिंमत होत नव्हती. चाचा म्हणाले, "चल, मी येतो." आम्ही एसटीने गेलो. काका अंगणात पेट्यांत गवत भरत होते. मी सगळं सांगितलं, सीडीसकट. त्यांनी हातातलं गवत खाली टाकलं.

"अगो, चाळीस वर्षं लोक माझ्या नावावर आंबा घेतायत. ते नाव तू रस्त्यावर नेऊन ठेवलंस? मला विचारायचंस तरी!"

मी रडायला लागले. चाचा शांतपणे म्हणाले, "तिचं चुकलं. आता रागावलेल्या माणसांची नावं आमच्याकडं हायत. त्यांना उत्तर देऊ द्या, मग काय बोलायचं ते बोला."

कंपनीला विनवण्या करून खातं परत सुरू करून घेतलं आणि आम्ही दोघं तीन दिवस क्लासमधल्या एका कॉम्प्युटरसमोर बसलो. एकच मजकूर सगळ्यांना पाठवू, असं मी सुचवलं. चाचांनी ऐकलं नाही. प्रत्येक पत्र वाचून, प्रत्येकाचं नाव घालून त्यांनी उत्तर टाईप केलं. चूक आमची आहे, बागेच्या मालकांची नाही, तुमचा पत्ता आम्ही काढून टाकला आहे. काही जणांनी उलट लिहिलं की ठीक आहे. एका बाईंनी तर दोन पेट्याही मागवल्या.

मी मात्र आतून विझले होते. क्लासच्या मालकांनी मला कायमची नोकरी देऊ केली होती, महिनाअखेर सही करायची होती. मी चाचांच्या घरी जाऊन सांगितलं की एजन्सी वगैरे काही नको, मी सही करते.

त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाले, "मी सगळ्यांना सांगतो ना, मशीननं मला काढलं म्हणून? खोटं हाय ते. कंपनी म्हणत होती, नवीन मशीनचा कोर्स कर, आम्ही ठेवतो. मला राग आला. तीस वर्षं केलेल्या माणसाला पोरांबरोबर शिकायला लावता? तिथंच उतरलो जहाजावरून. आणि मग इथं येऊन तुझ्या क्लासात पोरांबरोबरच बसलो."

"म्हणजे मी सुरू करू?"

"ते मी नाय सांगणार. नोकरी आवडत असेल तर खुशाल सही कर. पण लाज वाटली म्हणून करू नको. मी रागानं सोडलं, तू लाजेनं सोडशील. दोन्ही सारखंच."

मी सही केली नाही. घरच्या पुढच्या खोलीत एक टेबल, एक जुना कॉम्प्युटर, एवढ्यावर एजन्सी सुरू झाली. दामूकाकांच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी साधं टपालाचं पत्र लिहून विचारलं, तुम्हाला ई-मेल पाठवलेला चालेल का? ज्यांनी हो म्हटलं तेवढीच यादी. ती फार लहान होती. पहिली दोन वर्षं संध्याकाळी मला शिकवण्याही घ्याव्या लागल्या. काकांनी काम परत दिलं, पण अट घातली: एकही पत्र त्यांना वाचून दाखवल्याशिवाय जाणार नाही. त्याआधी ते चाचांच्या हातून जायचं, ही माझी अट.

चार-पाच वर्षांनी चाचांच्या फुप्फुसाचं दुखणं वाढलं. मुलगी शारजाहून आली होती. मार्च महिना होता. मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "यंदाचं पत्र आणलंस?"

मी ते पिशवीत घेऊनच गेले होते. त्या वर्षी अवकाळी पावसाने मोहोर गळला होता. मी पत्रात बागेचं वर्णन केलं होतं, भाव दिला होता आणि अगदी शेवटी लिहिलं होतं की यंदा फळ थोडं कमी आहे. त्यांनी चष्मा मागून घेतला, कागद सावकाश वाचला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे वर घे. पहिल्या ओळीत."

"पहिल्याच ओळीत 'आंबा कमी आहे' असं लिहिलं तर पुढचं कोण वाचणार, चाचा?"

"ज्याला घ्यायचाय तो वाचेल. त्याला आधी कळू दे."

त्यानंतर सहा दिवसांनी ते गेले. राजिवड्यात माणसं जमली होती. मी बायकांमध्ये त्यांच्या मुलीशेजारी बसून राहिले.

आठवड्याने मी पावसला जाऊन काकांना पत्र वाचून दाखवलं. पहिलीच ओळ होती: यंदा आमच्याकडे आंबा कमी आहे आणि उशिरा येईल. काकांनी मला तिथेच थांबवलं.

"ही कुठली पद्धत? अशी सुरुवात करायला कुणी सांगितलं तुला?"

मी नाव सांगितलं.

काकांनी माझ्या हातातून कागद घेतला, ती ओळ स्वतः एकदा वाचली आणि परत दिला.

"राहू दे मग तशीच," म्हणाले.