सासूबाईंनी घातलेली शपथ

आमच्या सासूबाई देवाच्या खास मर्जीतल्या आहेत. निदान त्यांचं तसं ठाम मत आहे. सुट्टीच्या दिवशी गल्लीतल्या पोरांना गोळा करून 'खोटं बोलू नये, दिला शब्द पाळावा' असं शिकवतात. पोरं खाऊसाठी येतात, हे त्या सोडून सगळ्यांना ठाऊक आहे.

आम्ही दोघी एकाच शिवणकारखान्यात. त्या कॉलर लावतात, मी बाह्या. यंदा कामगार समितीची निवडणूक लागली. एकीकडे मुकादम, दुसरीकडे काजं-बटणं करणारी बटणताई. तिचं मागणं एकच: बायकांच्या संडासाला आतून कडी हवी. मुकादमाला गरज वाटेना. त्याचा संडास वेगळा होता ना!

पण मेला हुशार. सासूबाईंना म्हणाला, "मावशी, हल्ली कुणाच्या शब्दाचा भरवसा नाही. तुम्हीच सगळ्यांना देवाची शपथ घाला, मत मलाच म्हणून." सासूबाई हुरळल्या. कारखान्यात धर्म येतोय, आणखी काय पाहिजे! आधी स्वतः शपथ घेतली, मग झाडून सगळ्या बायकांना घातली. मीही घेतली. मला त्याच घरात राहायचं होतं.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या मशीनवरची बाई घरी आली आणि रडायलाच लागली. "मत बटणताईला द्यायचंय हो, पण शपथ मोडून पोराला काही झालं तर?" सासूबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. त्या जेवल्यासुद्धा नाहीत.

सकाळी मशीन सुरू व्हायच्या आत सासूबाई थेट कापड बेतायच्या टेबलावर चढल्या! "बायांनो, चुकलं माझं. शपथ मी घातली, मीच सोडवते. देव काय मुकादमाचा पहारेकरी आहे? आपापल्या मनानं मत द्या. पाप लागलंच तर माझ्या माथी."

मुकादम ओरडला, "आणि देवाला काय तोंड दाखवाल?"

"ते माझं मी बघेन. तू गप बस."

मी तर टाळ्याच पिटल्या. बटणताई दणक्यात निवडून आली.

घरी येताना मी म्हटलं, "तुम्हीही बटणताईलाच ना?"

"मुकादमाला."

मी रस्त्यातच थांबले. "अहो, काय हे!"

"तुमची शपथ मी घातली होती, म्हणून सोडवता आली. माझी मी आपणहून घेतलेली. ती कोण सोडवणार?"

असा संताप आला, आणि तेवढीच माया वाटली. "आणि बटणताई एका मतानं पडली असती तर?"

"जन्मभर रडले असते. पण मत तेच दिलं असतं."

अशा बाईशी भांडायचं तरी कसं, सांगा!