करंगळी रिकामी ठेवायची

त्या थंडीत आत्याची बोटं अशी उलली की सूत त्यांत अडकून तटातटा तुटायचं. माधवनगरला एका मागवाल्याकडं ती हातानं सूत गुंडाळून मागाच्या कांड्या भरायची. मालकांनी स्पष्टच सांगितलं, महिनाअखेर बोटं नीट झाली नाहीत तर दुसरी बाई बघतो. आत्याचं सगळं घर त्या कामावर चालायचं.

दुसरी कोणी रडत बसली असती. आत्या कामावरून आली की अंगठ्याला ग्लिसरीन लावायची, शेजारच्या बोटाला कोकमतेल, मधल्याला लोणी, त्यापुढच्याला दुकानातली क्रीम. करंगळीला काहीच नाही. सकाळी, जेवणाच्या सुट्टीत आणि सुटल्यावर ती एकेका बोटावरून धागा ओढायची. कुठं अडकला ते मी कॅलेंडरवर मांडायचे. मी तेव्हा सांगलीत बी.एस्सी.ला होते, तिच्याकडंच राहायचे, आणि अक्कल पाजळायची भारी हौस!

"करंगळीनं काय घोडं मारलंय गं तुझं?"

"आगं, समद्यांना लावलं आन् बरं वाटलं, तर त्येलानं वाटलं का थंडी सरली म्हणून, कसं कळंल?"

कॉलेजात हेच मी न कळता वहीत उतरवून काढत होते.

पण करंगळीतनं रक्त यायला लागलं आणि मला बघवेना. सुट्टीच्या दिवशी दुपारी तिचा डोळा लागला असताना मी हळूच तिथं कोकमतेल चोळलं. संध्याकाळी धागा करंगळीवरून सुळकन गेला. तिनं बोट उजेडात धरलं आणि माझ्याकडं बघितलं.

"शहाणे! आठ दिस मातीत घातलंस माजं! आता जुळवू कशासंगं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं मात्र बोट पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. करंगळी रिकामीच.

लोणी सकाळीच हरलं, ग्लिसरीन आणि क्रीम दुपारपर्यंत टिकली. कोकमतेलाच्या बोटावर संध्याकाळीही धागा अडकेना. मग तिनं करंगळी सोडून चारही बोटांना तेच लावलं.

महिनाअखेरीला मी मुद्दाम तिच्याबरोबर कामावर गेले. मालकांसमोर तिनं करंगळी दुमडून, एकदाही सूत न तुटता कांडी भरली. मालक म्हणाले, "थंडी सरली म्हणून बरी झाली असतील. पुढच्या साली पुन्हा तेच."

आत्यानं करंगळी त्यांच्यापुढं धरली. ती तशीच उललेली, लाल. "थंडी अजून हाय, मालक. हिला काय लावलं न्हाई."

मालकांनी ते बोट निरखलं. मग म्हणाले, "सोमवारी वेळेवर या."

घरी आल्यावर तिनं थिजलेलं कोकमतेल तापवून पातळ केलं आणि सगळ्यांत आधी करंगळीला लावलं. हळूहळू, फुंकर घालत.

"लय सोसलं हिनं," म्हणाली.