झोपलेल्या वेली

सौदीतल्या तबूक शहराबाहेरच्या एका द्राक्षबागेत ठिबकचे पंप दुरुस्त करायला मी जायचो. तिथं नाशिककडचा एक माणूस राबायचा. नाव मी कधी विचारलं नाही. गावाकडं तो वाइनच्या बागेत होता. त्यामुळं द्राक्षाचा मणी तोंडात टाकला की बी चावून, डोळे मिटून चव बघायचा. इथं वाइन हराम, द्राक्षं फक्त खायची; तरी त्याची सवय जात नव्हती.

गेल्या थंडीत मालक पाहुण्यांना बाग दाखवत होता. "आम्ही तणनाशक मारत नाही. थंडीत वेलींना झोपू देतो," तो कौतुकानं सांगत होता. शेजारीच हा कंबरेत वाकून हातानं तण उपटत होता.

पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, "दादा, वेली झोपल्यात, तोवर घरी जाऊन या की."

"झोपल्यात म्हणून तर मालकानं उद्यापासून बांधकामावर धाडायचं ठरवलंय." भेगाळलेल्या बोटांवर फुंकर मारत तो हसला. "आपल्याकडं वेलीला झोपू देत नाहीत, वर्षातून दोनदा छाटतात. मी इथं येऊनही आपल्याकडचीच वेल राहिलो, भाऊ."

फाटकातून मालकाची हाक आली, "यल्ला! चल, लवकर!" तो उठून धावला, झोपलेल्या एकाही वेलीला धक्का न लावता.