शेठच्या तारेवर जमनाचे बोंबील

लग्न होऊन जमना शिरगावात आली, तेव्हा आमच्या अख्ख्या आळीनं ठरवून टाकलं होतं की पोरगी मुकी आहे. चार दिवस तोंडातून शब्द नाही! "बिचारी गरीब गाय," असं म्हणत आम्ही हळहळलो. नंतर कळलं, बाईची दाढ ठणकत होती. दाढ काढली आणि गाय जी हंबरायला लागली, ती आजतागायत! आठवलं की अजून हसून हसून पोट दुखतं.

या जमनाच्या वाटेला निमेशशेठ गेले. शेठचा बोईसरला कारखाना आणि शिरगावच्या किनाऱ्याला नवाकोरा बंगला. बंगल्यापुढच्या रेतीवर कोळणींच्या वलांडी, म्हणजे बोंबील सुकवायच्या बांबू रोवून त्यांवर ताणलेल्या दोऱ्या. ती रेती शेठच्या बापाची नव्हती, तशी जमनाच्याही नव्हती. पण तिच्या सासूच्या सासूनंही बोंबील तिथंच सुकवले. हिवाळ्यात सुकवायचं, त्यावर पावसाळाभर चूल पेटवायची. शेठच्या पाहुण्यांना मात्र वास यायचा.

एका सकाळी बाया ओल्या बोंबलाच्या पाट्या घेऊन आल्या, तर वलांडी उपटून बाजूला रचलेल्या आणि समोर बंगल्यापुढं चकचकीत तारेचं कुंपण.

जमनाची जाऊ सोमी मटकन खालीच बसली. "आता काय गं? दुपारपर्यंत नाय टांगले तर खताच्या भावानं जातील."

जमनानं तार ओढून बघितली. एकदम ताठ.

"ऊठ गं सोमे. शेठनं वलांड बांधून दिली हाय आपल्याला."

एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, एक इकडं, एक तिकडं, ही आमची रीत. दोरीऐवजी तार, एवढाच फरक. बघता बघता सगळ्या कुंपणाला तोरण लागलं. त्यात दर्यावरचा वारा सुटला, तो थेट शेठच्या दिवाणखान्यात.

शेठ नाकाला रुमाल लावून धावत आले. "ए बाई! पोलिसांना बोलावीन हां!"

"बोलवा ना शेठ. वलांडी कुणी उपटल्या, ते बी सांगा त्यांना. आमी हितंच हाव."

आत पाहुण्यांनी खिडक्या लावून घेतल्या. शेठ जरा मऊ झाले, जमनाला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "हे बघ, तुझी एकटीची वलांड राहू दे त्या कोपऱ्यात. बाकीच्यांना तेवढं घालव."

घरात दोन पोरं होती, नवऱ्याची होडी दुरुस्तीला. तिनं मागं वळून बघितलं. सोमी तारेवर जोडी टाकत होती.

"सगळ्यांच्या नायतर कुणाचीच नाय," ती मोठ्यानं म्हणाली, साऱ्या बायांना ऐकू जाईल अशी. "आनि उद्या परत बोंबील येतील. परवा बी."

पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली तसे शेठ हरले. त्यांनी राखणदार कैलासला हाक मारली. वलांडी होत्या तिथं परत रोवायच्या आणि उद्या तार काढायची, असं सगळ्यांसमोर ठरलं. कैलासनं बांबू रोवले, जमनानं एकेक हलवून बघितला, तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला.

पण शेठला काहीतरी जिंकायचंच होतं. "हे आतल्या अंगाला लोंबतायत ते माझ्या हद्दीत आहेत. ते माझे!"

"न्या की. पण जोडीतला बाहेरचा माझा, तो खाली पडला तर तुमी बघायचं."

शेठनं तोऱ्यात एक ओढला. बाहेरचा बोंबील सुटून पचकन रेतीत.

"आता तो धुवून टांगा."

शेठ पुटपुटत, शेपटीला धरून, बागेतल्या नळाकडं निघाले.

"गोड्या पान्यात नाय ओ शेठ, सडेल! दर्यात!"

शेठनं पायातले बूट काढले.