दारावरची कोरफड

बहात्तरच्या दुष्काळानंतर माझी बदली आटपाडीकडच्या एका हायस्कुलात झाली, चित्रकलेचा मास्तर म्हणून. तोवर मी शंभरेक चित्रं काढली होती आणि त्यांतलं एकही कुणी भिंतीला लावलं नव्हतं. साताऱ्याच्या सख्ख्या बहिणीनं एक मागून नेलं, ते पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून. मला ते लागलं होतं. अजून लागतं.

त्या माळावर रंगवायला होतं काय? निवडुंग, घायपात, कोरफड. निवडुंगाचं फूल रंगवायला गेलो आणि बेतानं मागं सरकत दुसऱ्या निवडुंगावर बसलो. आठवडाभर वर्गात उभ्यानंच शिकवलं. मुख्याध्यापकांनी माझ्या उत्साहाचं कौतुक केलं.

मग एका बांधावर फुलावर आलेली कोरफड सापडली. पिवळा तुरा नव्या पाटलासारखा ताठ. दुसऱ्या दिवशी रंग लावतोय, तोच एक धनगर आजी खुरपं घेऊन आली आणि थेट कोरफडीच्या बुडाशी बसली.

"आजी, काय करताय?"

"उपटतीया. नवं घर बांधलंय, दाराला टांगाय नको व्हय? दिष्ट लागती."

मी चक्क हात जोडले. म्हटलं, फुललीय हो, राहू द्या. आजीनं माझा कागद बराच वेळ न्याहाळला.

"मग ही द्या. ही वाळायची बी न्हाई."

चित्र मागितलं! तेही लावायला! मी दोन दिवस खपलो, पानांच्या कडेचा एकेक काटा रंगवला आणि खाली उजवीकडं झोकदार सही ठोकली.

आठवड्यानं मुद्दाम वाट वाकडी करून गेलो. चित्र दाराच्या चौकटीवर सुतळीनं बांधलेलं होतं. माती वर, तुरा खाली. माझी सही वरच्या कोपऱ्यात शीर्षासन करत होती. माझं टाळकंच सटकलं.

"आजी, उलटं लावलंय!"

"मास्तर, शिकल्यालं हायसा न्हवं? कोरफड सुलटी टांगल्याव दिष्ट निघती व्हय?"

माझ्या आईनंही दाराला जन्मभर कोरफड उलटीच टांगली. मी आजीची बाज ओढून घेतली, वर चढलो आणि पिशवीतल्या रंगानं जुनी सही बुजवली. मग चित्र होतं तसंच ठेवून खाली उजवीकडं नवी केली. कुणाच्या घरी लागलेल्या चित्रावर मी पहिल्यांदाच सही करत होतो.